जोत्याचा मान

आमच्या गावात नवं माणूस दिसलं की त्याला पाणी विचारायच्या आधी गाव विचारतात. आधी "कुठलं गाव?", मग "कुणाचं?", मग "म्हंजी कुठल्या आळीचं?" या तीन पायऱ्या चढल्याशिवाय पुढ्यात चहा येत नाही. मी लग्न होऊन इथं आले त्याला पस्तीस वर्षं झाली. नसरापूरला शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली, नवऱ्याला याच नदीकाठी अग्नी दिला, तरी मी अजून 'वेल्ह्याची बाई'. आमच्या भोर तालुक्यातल्या माणसाला शेजारचं वेल्हं म्हणजे डोंगराआड पावसात भिजत पडलेला मुलूख वाटतो. तिकडच्या बायकांना काम उरकतं पण रीत कळत नाही, असं माझ्या सासूबाई पाहुण्यांदेखत सांगायच्या.

आता या रीतवाल्यांचं गाव बघा. भाटघर धरणाच्या काठावर टेकडीच्या पोटाला चिकटलेलं हे गाव मूळचं नव्हे. मूळचं पाण्यात गेलं, धरण बांधलं तेव्हा, आमच्या ह्यांच्या पणजोबांच्या वेळी. आज जे त्या गावाच्या नावानं गहिवरतात त्यांच्यातल्या एकानंही ते पाहिलेलं नाही. जे डोक्यावर भांडीकुंडी घेऊन टेकडी चढले ते म्हणे त्याबद्दल फार बोलत नसत. बोलतात ते पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेले पणतू. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी धरणाच्या पाण्याचा फोटो पडतो आणि खाली चाळीस जण हात जोडतात. मागच्या वर्षी त्यांनी बुडालेल्या गावाचं नाव छापलेले टी-शर्ट शिवून घेतले. रंग भगवा, अक्षरं निळी, आणि गावाच्या नावात शुद्धलेखनाची चूक.

वैशाखात धरण उतरतं. पाणी आटत आटत मधल्या धारेवर येतं आणि भेगाळलेल्या गाळातून दगडांच्या ओळी डोकं वर काढतात. ती म्हणे आमच्या घरांची जोती. मग एक दिवस ठरवून सगळी भावकी 'घरी जेवायला' जाते. टेम्पोतून भाकरी, पिठलं, वरणभाताची पातेली जातात. ज्यानं त्यानं आपापल्या जोत्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याच दगडांवर बसून जेवायचं. पुणेकर पणतू दगडाला गाल लावून फोटो काढतात. एका वर्षी एकानं ड्रोन आणला होता, तो बाभळीत अडकला आणि निम्मा दिवस तो काढण्यातच गेला.

या जोत्यांमध्ये एक लांबलचक आहे. घडीव दगडांची सरळ ओळ, आणि दगडात बसवलेली जाड लोखंडी कडी. हे पाटलाचं घर, याबद्दल एकमत आहे. पाटील कोणाचा, याबद्दल नाही. वरची आळी म्हणते आमचा, खालची आळी म्हणते आमचा. दोन्ही आळ्यांचं आडनाव एक, कुळ एक, देव एक. तरी त्या जोत्यावर पहिला नैवेद्य कुणी ठेवायचा यावरून दरवर्षी जुंपते. कडी घोडा बांधायची, हे दोघांनाही मान्य. वरच्या आळीत घोडा पांढरा होता, खालच्या आळीत ती काळी घोडी होती. एकदा या रंगावरून दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांच्या सदऱ्याला हात घातला. दोघांपैकी एकाच्याही घरात कधी धड खेचर नव्हतं. 

अशा या गावात माझ्याकडं लिबियाचा भाडेकरू आला.

पुण्यात पीएचडी करणारा, तिशी उलटलेला, उंच, काळासावळा म्हणावं तर आमच्यापेक्षा चार छटा अधिक. धरणात साठणाऱ्या गाळाचा तो अभ्यास करत होता. पुण्यात त्याला सोसायटीवाल्यांनी उभं केलं नव्हतं. त्याचं नाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. मला गाळही कळत नव्हता आणि लिबियाही फक्त भूगोलाच्या पुस्तकापुरता माहीत होता, पण माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि गावाला काय आवडणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कारणानंच मी त्याला ठेवून घेतलं.

गावानं त्याला रीतसर पायऱ्या चढवल्या. कुठलं गाव? तो म्हणाला, लिबिया. एकजण म्हणाला, म्हंजी नायजेरिया. दुसऱ्यानं दुबईच्या अलीकडं का पलीकडं ते विचारलं. गावचे पोलीस पाटील माझे चुलत दीर, वरच्या आळीचे पुढारी. त्यांनी निकाल दिला, "आफ्रिकेचा हाय. आमी त्याला पाव्हणा म्हनू." तेव्हापासून तो पाव्हणा. दोन वर्षं तो पाव्हणाच राहिला. बाटल्या आणि लांब नळ्या घेऊन वेळवंडी नदीच्या काठानं फिरायचा, पलीकडं डोंगरातल्या धनगरवाड्यांवर जाऊन शेरडांशेजारी बसायचा. धनगरांशी त्याचं बरं जमलं. त्यांनीही गाव विचारलं, पण उत्तर ऐकून ताक दिलं.

मराठी तो माझ्याकडून शिकला, त्यामुळं ती पाठ्यपुस्तकातली होती. "बाई, आज वीजपुरवठा खंडित झाला आहे," असं तो जिन्यावरून सांगायचा आणि मला शाळा आठवायची.

माझ्याकडं शाळेतून निरोपाला मिळालेला जगातल्या झेंड्यांचा एक जुना तक्ता आहे. त्यात लिबियाचा चौकोन नुसता हिरवा, त्यावर चंद्र नाही, तारा नाही. तो बघून पाव्हणा खूप हसला. "या झेंड्याला आम्ही शाळेत रोज वंदन केलं. मग लोकांनी तो जाळला, आणि आजोबांच्या काळचा परत आणला. लाल, काळा, हिरवा." मी शाळेतल्या बाईसारखं विचारलं, "मग तुझा कुठला?" तो म्हणाला, "आमच्या गावाला पहिल्या झेंड्यावाल्यांनी सैन्यात भरती केलं, म्हणून दुसऱ्या झेंड्यावाल्यांनी गावातून बाहेर काढलं. मला दोन्हींची लांबी-रुंदी माहीत आहे."

त्याचं गाव समुद्रापासून जवळ, खजुरीच्या बागांचं. लढाईत शेजारच्या मोठ्या शहरानं एका दिवसात ते रिकामं केलं. त्याच्या गावच्या लोकांनीही त्या शहरात वाईट कामं केली होती, हे तो लपवत नसे. "काहींनी केली. शिक्षा सगळ्यांना झाली. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांनाही." त्याची आई तेव्हापासून राजधानीच्या कडेला छावणीत, पत्र्याच्या एका खोलीत. काही लोक अलीकडं परत गेले, पण तिथं घरांना छपरं नाहीत आणि शेजाऱ्यांची भीती तशीच आहे. देशात सरकारं दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याच्या आईला दोन्हीकडून विचारतात, तुझे लोक कोण?

मी त्याला म्हणाले, आमचंही गाव असंच गेलं. त्याचं गाव कोरडं ठणठणीत जागेवर उभं होतं आणि त्याला जाता येत नव्हतं. आमच्या लोकांचं पाण्यात गेलं, त्याबद्दल टेकडीवर जमीन मिळाली, आणि ते दरवर्षी सहकुटुंब जेवून येत होते. हे ध्यानात आल्यावर मला आमच्या भावकीची फार चीड आली. ती आधीही होतीच, आता तिला कारण मिळालं.

त्याचा प्रबंध संपत आला होता. दोन प्रकरणं राहिली होती आणि राहण्याची मुदत दोन महिन्यांनी संपत होती. मुदतवाढ मिळाली तर पदवी, आणि पदवी मिळाली तर दुसऱ्या एका देशात नोकरी त्याची वाट बघत होती. तिथं आईला नेता आलं असतं. मुदतवाढीसाठी पोलिसांचा अहवाल लागतो. हा इसम सांगितल्या पत्त्यावर राहतो, वागणूक बरी आहे, एवढंच. ठाण्यातला हवालदार त्यासाठी गावच्या पोलीस पाटलाला विचारतो. पाटील म्हणजे आमचे भाऊजी. त्यांची मर्जी बरी होती, कारण पाव्हण्यानं त्यांच्या विहिरीतला गाळ तपासून दिला होता. काळजीचं काही नव्हतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी चहा पिताना त्यानं मला एक नकाशा दाखवला. धरण बांधतानाचा, पुण्यातल्या कुठल्याशा जुन्या दप्तरखान्यातून काढलेली नक्कल. हातातल्या यंत्रानं त्यानं जोत्यांच्या जागा मोजल्या होत्या आणि नकाशावर बसवल्या होत्या. मूळ गावठाण नदीच्या पलीकडच्या वळणाला होतं. ते आता दोन पुरुष खोल गाळाखाली आहे आणि कुठल्याही वैशाखात वर येणार नाही. आम्ही जिथं दरवर्षी जेवायला जातो तिथं बांधकामाच्या कंत्राटदाराची वसाहत होती. मजुरांच्या चाळी, चुन्याची भट्टी, आणि ती घडीव दगडांची लांब ओळ. तिच्यावर नकाशात बारीक इंग्रजी अक्षरांत 'म्यूल लाइन्स' लिहिलं होतं. दगड वाहणारी खेचरं बांधायचा तबेला.

मी इतकी हसले की चहा सांडला. पांढरा घोडा आणि काळी घोडी! तीन पिढ्यांची डोकेफोड, नैवेद्य, हळदकुंकू, दगडाला लावलेले गाल, सगळं खेचरांच्या मुताच्या जागेवर. पाव्हणा हसला नाही.

"बाई, हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "मी प्रबंधातही लिहिणार नाही. गाळाला त्याचा उपयोग नाही."

"का? खरं आहे ना?"

"आमच्या शेजारच्या शहरानंही असेच जुने कागद काढले. म्हणाले, तुम्ही इथले नाहीच, तुमचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. कागद खरे होते की खोटे मला माहीत नाही. पण कागद आधी वाचले आणि घरं नंतर जाळली." मग नकाशाची घडी घालत म्हणाला, "हे लोक दरवर्षी येतात, जेवतात, कुणाचं घर जाळत नाहीत. येऊ दे."

मी हो म्हणाले. पण ते गुपित मला फार गोड लागलं. दूध घालायला आलेल्या जावेनं 'आमचं मूळचं घर' म्हटलं की माझ्या मनात खेचर ओरडायचं. दीड महिना मी ते जपलं, आणि जपते आहे म्हणून स्वतःला मोठी समजले.

वैशाखातला तो दिवस आला. आदल्या दिवशी भाऊजी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, पाव्हन्याला बी घिऊन या उद्या. बगू दे त्याला बी, घर म्हंजी काय असतंय." पाव्हणा आला. गळ्यात नेहमीची पिशवी, तिच्यात बाटल्या, यंत्र, कागद. भगव्या टी-शर्टातल्या पणतवंडांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही आळ्यांचे बाप्ये जोत्याच्या दोन टोकांना उभे राहून पहिल्या नैवेद्यावरून वाद घालत होते. यंदा नवीन मुद्दा होता, ड्रोन कुणाच्या बाजूनं उडवायचा. माझे गुडघे दुखायला लागले आणि मी त्या घडीव दगडावर टेकले.

"अवं बाई, उठा तितनं! अजून निवद न्हाई झाला!" खालच्या आळीतला एक ओरडला.

मी उठणारच होते. तेवढ्यात भाऊजी दिलदारपणानं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो. वेल्ह्याच्या हायती त्या. त्यास्नी काय ठावं, घराचा मान कसा राखत्यात."

दोन्ही आळ्या हसल्या. माझ्या जावा हसल्या. माझ्या विद्यार्थिनी, ज्यांना मी राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून दिले, त्या पदराआड हसल्या. पस्तीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं आणि मी उभी राहिले.

"घराचा मान? भाऊजी, हे घर नव्हे. तबेला आहे. कंत्राटदाराच्या खेचरांचा. तुमचा पांढरा घोडा आणि यांची काळी घोडी, दोन्ही खेचरं होती आणि तीही दुसऱ्याची!"

कुणाला काही कळेना. मी म्हणाले, विचारा या पाव्हण्याला, त्याच्याकडं सरकारी नकाशा आहे.

तो पुटपुटला, "बाई, नको."

भाऊजी त्याच्याकडं वळले. "व्हय का वो, पाव्हणं?"

त्यानं पिशवीचं तोंड मुठीत धरलं. मग माझ्याच मराठीत, शब्द तोलत म्हणाला, "नकाशा जुना आहे. नकाशे काढणारे घाई करतात. मला निश्चित माहीत नाही. हे आपलं घर असू शकतं."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातली बाई जागी झाली होती. वर्गात कुणी माहीत असलेलं उत्तर चुकीचं दिलं की मला सहन होत नसे. "खोटं बोलू नकोस," मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, त्याच्या गळ्यातली पिशवीच ओढून घेतली, तिच्यातून नकाशा काढला, उलगडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. चुन्याची भट्टी, मजुरांच्या चाळी, खेचरांचा तबेला. बोट ठेवून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

पणतवंडांतलं एक फिसकन हसलं आणि त्याच्या बापानं त्याला चापट मारली. मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. खालच्या आळीचे कारभारी चालत वरच्या आळीच्या टोकाला गेले, भाऊजींच्या हातात स्वतःचा नारळ दिला आणि म्हणाले, "फोडा तुमी. आपलं घर हाय, भाईरच्यांनी काय बी म्हनू दे." दोन्ही आळ्यांनी मिळून एक नारळ फोडला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विविधतेतून एकता कशी साधते ते दिलं आहे. आमच्या गावात ती अशी साधली. बाहेरचे म्हणून मी आणि तो, दोघं बाजूला उभे होतो आणि आमच्या पत्रावळीवर कुणी वाढलं नाही.

घरी येताना तो माझ्या पुढं चालत होता. मी एकटीच बोलत होते, सत्य, इतिहास, पुरावा असं काहीबाही. रस्ता संपल्यावर तो म्हणाला, "बाई, पिशवी द्या, त्यात बाटल्या आहेत."

आठवड्यानं तो ठाण्यातून एक कागद घेऊन आला आणि मला वाचायला दिला. त्याला अक्षर लागत नव्हतं. गावात चौकशी केली असता सदर इसम गावात कायम वास्तव्यास असल्याचे कोणास माहीत नाही, त्याच्या वागणुकीबद्दल गावातील कोणी खात्री देत नाही. मी तो कागद मोठ्यानं वाचला नाही. त्याला म्हणाले, काहीतरी चूक झाली आहे.

मी भाऊजींकडं गेले. ते ओसरीवर बसून मोबाईल बघत होते. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा सांगितला. आमच्यात राग असा येतो, चहासकट.

"दोन वर्षं तो माझ्या माडीवर राहतो, भाऊजी. तुमच्या विहिरीत उतरला होता तो."

"उतरला आसंल."

"मग ओळखत नाही असं कसं लिहिलंत?"

"वहिनी, तुमी शिकल्याल्या. नकाशात न्हाई ते घर न्हाई, तुमीच म्हनला ना समद्या गावाम्होरं? मंग गावाच्या तोंडात न्हाई तो मानूस बी न्हाई. मला तर कागदाचं काय कळत न्हाई, तुमीच शिकवलं." मग जरा पुढं झुकून, "आसं करा. समद्या भावकीम्होरं येवडंच म्हना, नकाशा चुकीचा हाय, घर हाय. म्या आजच्या आज दुसरा कागद देतो."

मी म्हणाले, खोटं बोलणार नाही. आणि मान ताठ करून निघून आले.

तीन दिवस माझी मान ताठ होती. त्या तीन दिवसांत मी स्वतःला जे जे सांगितलं ते आठवून आज लाज वाटते. सत्याला किंमत असते. इतिहासाशी तडजोड करायची नसते. एका तबेल्याला घर म्हणण्यापेक्षा... पुढं काय ते मी पूर्ण करत नव्हते, कारण त्यापेक्षा पुढं एका माणसाची पदवी आणि त्याच्या आईची पत्र्याची खोली होती. ती मी सोयीनं सोडून देत होते. त्यानं मला एकदाही विचारलं नाही. माडीवर बाटल्या धुतल्याचा आवाज येत राहिला. खोटं तर तो माझ्यासमोर त्या लोकांसाठी बोलून मोकळा झाला होता. त्यानं ते किती सहज केलं होतं! मी ते माझ्यासारख्या मास्तरणीच्या अब्रूला लागलेला डाग समजत होते. सत्याबित्याचं काही नव्हतं. मला हसणाऱ्या जावांसमोर हार मानायची नव्हती. तेवढंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो जिन्यावरून म्हणाला, "बाई, गाळाचे नमुने काही महिने इथे ठेवता येतील का? वाया गेले तरी चालतील." ते ऐकून मी चपला घातल्या.

मारुतीच्या पारावर दोन्ही आळ्या जमवल्या होत्या. भाऊजींनी फार हौसेनं जमवल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नकाशा चुकीचा होता. ते घर तुमचंच आहे."

"तुमचं न्हाई, वहिनी," भाऊजी हसून म्हणाले. "आपलं म्हना."

"आपलंच आहे," मी म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण जावेनं सरकून मला शेजारी जागा करून दिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. भाऊजींनी तिथंच मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहिला, पानभर. सदर इसम आमच्या गावचाच म्हणून ओळखला जातो, सर्वांच्या सुखदुःखात सामील होतो, अत्यंत सज्जन आहे. शेवटी अक्षर गिचमिड करून 'घरचा माणूस' असंही लिहिलं. आता दिलदारीला त्यांचं काहीच जात नव्हतं.

तो कागद घेऊन आम्ही पुण्याला मुदतवाढीच्या कचेरीत गेलो. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आता जावं लागेल, अर्ज पुन्हा त्यांच्या देशातून करावा. कुठल्या सरकारकडून, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. बाई नियमानंच बोलत होत्या. आदल्या दिवशी आम्ही तिथं असतो तर त्यांनी नियमानंच शिक्का मारला असता.

तो निघाला त्या दिवशी अख्खं गाव लोटलं. भाऊजींनी स्वतःचा टेम्पो काढला. खालच्या आळीनं शाल दिली, वरच्या आळीनं नारळ. धनगरवाडीवरचा एक म्हातारा घोंगडी घेऊन चालत आला होता. त्यानं ती पाव्हण्याच्या खांद्यावर टाकली आणि मागं सरकला. बाकी सगळे बोलत होते. आपला मानूस. गावचं नाव काढा तिकडं. पणतवंडांनी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, खाली चाळीस जणांनी हात जोडले. मी त्यांच्यातच उभी होते आणि मला कुणी बाजूला सारत नव्हतं.

नसरापूरला हायवेवर पुण्याच्या बसची वाट बघत आम्ही दोघंच राहिलो. भाऊजी टेम्पो वळवायला गेले होते. त्यानं आईला फोन लावला. अरबी मला कळत नाही, पण आधी मोठा झालेला आणि मग हळू झालेला आवाज कळतो. मधेच तो हसला आणि हसताना त्यानं डोळे पुसले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली आई?

"आई म्हणते, शिक्षण पूर्ण झालं नाही तर येतोस कशाला. भावाला मुलगी झाली आहे. माझ्या कोपऱ्यात तिचा पाळणा बांधला आहे." मग घोंगडीची घडी नीट करत म्हणाला, "मी म्हणालो, मी दाराशी झोपेन."

मला त्याला सांगायचं होतं की चूक माझी आहे. ते तीन दिवस माझे आहेत, भाऊजींचे नाहीत. इतकी वर्षं मी पोरांना वर्गात उभं करून चूक कबूल करायला लावली होती. बस आली. त्यानं शाल, नारळ, घोंगडी सगळं एका हातात गोळा केलं, वाकून माझ्या पाया पडला आणि पाठ्यपुस्तकी मराठीत म्हणाला, "बाई, आपले उपकार विसरणार नाही."

मी म्हणाले, "सांभाळून जा." तेवढंच म्हणाले.